एलईडी बल्ब: बचत नक्की किती?

एलईडी बल्ब खरंच परवडतो का? चला, हिशोबच करून पाहूया.

६० वॉटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लागला, तर वर्षाला साधारण ११० युनिट वीज खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी खातो जेमतेम १६ युनिट. विजेचा दर मुंबईत वेगळा, कोलकात्यात वेगळा. आपण युनिटला ७ रुपये धरू. म्हणजे एका बल्बमागे वर्षाला साडेसहाशे रुपये वाचले!

किंमतही आता आवाक्यात आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि मोठ्या घाऊक खरेदीमुळे एलईडी झपाट्याने स्वस्त झाले.

घरात सीएफएल असतील, तर मात्र घाई नको. १४ वॉटचा सीएफएल बदलून वर्षाला वाचतात फक्त ६०-६५ रुपये. तो जाईपर्यंत वापरा. आत पारा असतो, म्हणून फुटू देऊ नका.

सुरुवात करा सर्वात जास्त वेळ लागणाऱ्या दिव्यापासून: स्वयंपाकघर, हॉल, जिना. माळ्यावरचा बल्ब महिन्यातून एकदा लागतो. तो बदलून बिल कमी होणार नाही.