वाढणारी घरे, राखलेली अंगणे

ठिकाण : आर्टिस्ट्स व्हिलेज, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

वास्तुरचनाकार : चार्ल्स कोरिया, बांधकाम १९८० च्या दशकात, सिडकोसाठी

भूखंड : सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर. उत्पन्नगट वेगवेगळे, तरी जागेतला फरक बेताचाच.

मांडणी : सात घरांमध्ये सुमारे ८ × ८ मीटरचे सामाईक अंगण. असे तीन गट, म्हणजे २१ घरे, मिळून १२ × १२ मीटरचा चौक.

भिंती : प्रत्येक घर सुटे. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता खोली वाढवता येते.

छप्पर : कोकणातल्या पावसाला साजेसे, उतरते.

आज : अनेक घरांच्या जागी दुमजली-तिमजली काँक्रीटची बांधकामे उभी आहेत; सामाईक अंगणांची मूळ चौकट मात्र ओळखू येते.