खिशात खाऊ असू द्या, गळ्यात काटेरी पट्टा नको

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात संशोधकांनी पाळीव कुत्र्यांपुढे एक साधं कोडं ठेवलं. खोलीच्या एका बाजूला वाडगा ठेवला की त्यात हमखास खाणं असे, दुसऱ्या बाजूला ठेवला की तो रिकामा असे. हे कुत्र्यांच्या पक्कं ध्यानात आल्यावर एके दिवशी वाडगा मध्येच कुठेतरी ठेवला गेला. आता त्यात काही असेल की नसेल? बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शाळांतले कुत्रे आशेने लगबगीने निघाले. पट्ट्याला हिसडे देऊन, ओरडून शिकवणाऱ्या शाळांतले कुत्रे सरासरीने रेंगाळत गेले. काही चांगलं मिळेल, यावरचा त्यांचा विश्वासच कमी झाला होता.

आना कातारिना व्हिएरा द कास्त्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सात प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांचं त्यात निरीक्षण केलं होतं. धाकाच्या शाळांतले कुत्रे शिकवणीच्या वेळी अधिक धापा टाकत, ओठ चाटत, जांभया देत, अंग चोरत. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हे सगळे कुत्रे लोकांच्या घरचे होते, लाडाने पाळलेले. त्यांच्या मालकांनी पैसे मोजून त्यांना तिथे नेलं होतं. म्हणून मला हा अभ्यास विशेष अस्वस्थ करतो.

‘कुत्र्याला धाक हवा, नाहीतर डोक्यावर बसतो’ हे वाक्य आपल्याकडे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. या समजुतीची मुळं दोन ठिकाणी सापडतात. एक लष्करात आणि पोलिसांत. जर्मनीतल्या कोनराड मोस्ट यांनी १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात सक्तीला मोठं स्थान होतं आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. दुसरं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली लिहिलं, की कळपात वर्चस्वासाठी झगडा चालतो आणि जिंकणारा वरच्या पायरीवर बसतो. पण ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले. तिथे कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे चक्क कुटुंब. मेक यांच्याच १९७० सालच्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना लोकप्रिय झाली होती. १९९९ साली त्यांनीच ती शास्त्रीय लेखातून खोडून काढली. तरीही कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरायचं, त्याच्याआधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, असे सल्ले आजही दिले जातात.

दुसरी वाट मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघाली. ज्या कृतीचं फळ गोड, ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. बी. एफ. स्किनर यांनी त्याचं शास्त्र उभं केलं. १९५१ साली त्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सामान्य वाचकांसाठी प्राण्यांना शिकवण्यावर लेख लिहिला. त्यात कुत्र्याला शिकवायला टिकटिक वाजणारं लहान मुलांचं खेळणं वापरण्याची सूचना होती. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी तर याच तत्त्वांवर प्राणी शिकवण्याचा व्यवसाय उभारला.

या पद्धतीचा खरा कस मात्र समुद्रात लागला. कॅरन प्रायर १९६०च्या दशकात हवाईमधल्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, हिसडा देता येत नाही, रागावलं तर तो पोहत दूर निघून जातो. हाती राहते ती एक शिट्टी आणि मासळीची बादली. नेमक्या क्षणी शिट्टी वाजायची, म्हणजे ‘हेच हवं होतं’, आणि मागोमाग मासा मिळायचा. एवढ्यावर डॉल्फिन गुंतागुंतीच्या कसरती शिकले. जोर वापरायची सोयच नसलेल्या ठिकाणी हे जमलं, तर घरातल्या कुत्र्याशी जोर कशासाठी वापरायचा, हा प्रश्न प्रायर यांच्या कामाने कुत्रेवाल्यांपुढे उभा केला. १९९०च्या दशकात शिट्टीच्या जागी ‘क्लिकर’ हे टिकटिक वाजणारं छोटं साधन आलं आणि ही पद्धत घरोघर पोचली.

टिकटिक आवाजाचं महत्त्व वेळेत आहे. कुत्रा बसला, आपण ‘शाब्बास’ म्हणेपर्यंत तो उठला आणि मग खाऊ मिळाला, तर त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचं ठरतं. क्लिकर किंवा एक ठरलेला छोटा शब्द नेमका क्षण पकडतो, खाऊ नंतर पोचला तरी चालतो. मेंदूत काय घडतं याचा अंदाज वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून येतो. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाच्या पेशी उसळत. पुढे रसाआधी येणारी खूण ओळखीची झाली, की त्या खुणेलाच उसळू लागत. अपेक्षा करूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल मंदावे.

कुत्र्यांमधला याचा पुरावा अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मिळाला. ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ साली दोन कुत्र्यांना पूर्ण जागं ठेवून, न बांधता एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं. हाताची एक खूण म्हणजे खाऊ मिळणार, दुसरी म्हणजे नाही. खाऊची खूण दिसताच मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग उजळला. मला निष्कर्षाइतकीच तयारी मोलाची वाटते. त्या प्रचंड आवाजाच्या यंत्रात कानांवर संरक्षक लावून, डोकं जरासुद्धा न हलवता पडून राहायला हे कुत्रे शिकले ते खोट्या यंत्रात सराव करून आणि खाऊ मिळवून. भीतीने दबलेला कुत्रा तिथे कदाचित थरथरत पडून राहिला असता, पण स्पष्ट चित्र मिळालं नसतं.

‘म्हणजे कुत्र्याला लाच द्यायची का?’ असं विचारलं जातं. लाच कामाआधी दाखवली जाते, बक्षीस कामानंतर मिळतं. खाऊ हातात नाचवला तरच बसणारा कुत्रा ही शिकवण्यातली चूक आहे. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी खाऊ द्यावा, कृती पक्की झाली की अधूनमधून द्यावा. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय अधिक चिवट होते. याचा पुरावा आपल्या जेवणाच्या टेबलाशीही मिळतो. घरातले सगळे नाही म्हणतात, पण आजी कधीतरी पोळीचा तुकडा हळूच देते, आणि कुत्रा रोज ताटाशेजारी ठाण मांडून कुईकुई करतो. त्याला कुणी शिकवायला बसलेलं नसतं, तरी तो शिकलेला असतो. बक्षीस दर वेळी खाण्याचंच हवं असंही नाही. वास शोधणाऱ्या कुत्र्यांना अनेकदा चेंडूशी खेळायला मिळणं हेच बक्षीस असतं. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाला २०१७ साली आढळलं, की अनोळखी माणसाने वारंवार कुरवाळलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनी नुसतं खाणं मिळालेल्यांपेक्षा त्या माणसावर अधिक विश्वास टाकला.

बक्षिसाची पद्धत म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीवर टेकताच लक्ष द्यायचं. चपला कुरतडतो तर चपला कपाटात ठेवायच्या आणि चावायला दुसरं काहीतरी द्यायचं. लिफ्टमध्ये माणसं पाहून भुंकत असेल तर आधी लिफ्टपासून दूर, तो शांत राहू शकेल अशा अंतरावर खाऊ द्यायचा आणि अंतर दिवसागणिक थोडं थोडं कमी करायचं. इथे घाई केली की सगळं फिसकटतं.

धाकाचा सर्वांत मोठा धोका गुरगुरण्याशी जोडलेला आहे. गुरगुरणं हा इशारा असतो. त्यासाठी फटका मिळाला की कुत्रा इशारा देणं सोडतो, पण भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो. वागणुकीच्या तक्रारींसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांचं सर्वेक्षण २००९ साली प्रसिद्ध झालं. कुत्र्याला मारलं वा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणांना उलट आक्रमकता अनुभवावी लागली होती, उताणं पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के जणांना. घरात लहान मूल असेल तर हे आकडे पुन्हा वाचा.

सुरुवात सोपी आहे. उकडलेलं चिकन, पनीर किंवा गाजर यांचे वाटाण्याएवढे तुकडे, रोज दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं. तेवढं खाणं रोजच्या जेवणातून वजा करा. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण मात्र कधीही देऊ नका. शांत कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर शिकवणीआधी पशुवैद्याला दाखवा, कारण अनेकदा त्यामागे दुखणं असतं. आणि ट्रेनर ठेवणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा, कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेन, काटेरी पट्टा किंवा विजेचा झटका आला, किंवा शिकवताना तुम्ही समोर नको असा आग्रह झाला, तर त्याच्या हाती आपला कुत्रा देऊ नका.