आवडत्या खेळाची नवी आवृत्ति



आवडत्या ग्रंथकाराचें नवें पुस्तक मोठ्या उत्कंठेनें हातीं घ्यावें आणि पन्नास पानांतच मन खट्टू व्हावें, हा अनुभव वाचकांस नवा नाहीं. संगणकावरील खेळांच्या बाबतींत तो अधिक तीव्रतेनें येतो. घरांतील तरुण अशा वेळीं संतापले, तर वडील मंडळी ‘खेळच तो!’ म्हणून हसण्यावारी नेतात. परंतु त्या संतापांत कांहीं न्याय असतो काय, हें एका उदाहरणावरून पाहूं.

१९८९ सालीं अमेरिकेंत मॅक्सिस कंपनीचा ‘सिमसिटी’ हा खेळ निघाला. त्याचा कर्ता विल राइट. पूर्वीच्या एका युद्धाच्या खेळासाठीं बेटांचे नकाशे रचीत असतां, तीं बेटें उडविण्यापेक्षां वसविण्यांतच आपणांस अधिक गोडी वाटते, हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. या खेळांत खेळणारा नगराध्यक्ष होतो. रस्ते आंखतो, वीज पुरवितो, कर बसवितो. येथें शेवटचा असा विजय नाहीं. आपलें नगर वाढतांना पाहणें हाच आनंद. १९९३, १९९९ व २००३ या सालीं निघालेल्या आवृत्त्यांनीं लाखो लोकांस त्याचें वेड लावलें.

मॅक्सिसची पुढची मोठी आवृत्ति येण्यास दहा वर्षें लागली. ती ५ मार्च २०१३ रोजीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. एकट्यानें खेळावयाचें तरी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशीं, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकाशीं, जोडलेलें असलेंच पाहिजे, अशी तींत अट होती. पहिल्याच दिवसांत गर्दीचा भार सर्व्हरांना सोसेना. पैसे मोजून घेतलेला खेळ उघडेना. कित्येकांचीं उभारलेलीं नगरें नाहींशीं झालीं. अमेझॉननें कांहीं काळ त्याची डिजिटल विक्रीहि थांबविली. पुढें सर्व्हर वाढविण्यांत आले आणि भरपाईदाखल आणखी एक खेळ फुकट देण्यांत आला.

सर्व्हर सुरळीत होतांच दुसरी निराशा पुढें आली. नगराची जागा अवघी दोन किलोमीटर लांब व तितकीच रुंद. प्रत्येक नागरिक स्वतंत्रपणें हालतो, हें नव्या आवृत्तीचें मोठें वैशिष्ट्य म्हणून सांगितलें गेलें होतें. प्रत्यक्षांत तो सकाळीं जवळची कोणतीहि रिकामी नोकरी धरी आणि संध्याकाळीं वाटेंत मोकळें लागेल त्या घरांत शिरे. आरंभीं सारीं वाहनें जवळच्या एकाच रस्त्यावर लोटत आणि शेजारचा रुंद रस्ता ओस पडे.

खरी जखम मात्र याहून खोल होती. जुन्या आवृत्त्यांत नगर खेळणाराच्याच संगणकांत जपलेलें असे. त्याची एक प्रत राखून ठेवावी, धाडसी प्रयोग करावा, तो फसला तर जुन्या प्रतीवर परतावें. पाटीवरचें चुकलेलें गणित पुसून पुन्हां मांडावें, तसें. नव्या आवृत्तींत नगर कंपनीच्या सर्व्हरवर गेलें आणि मागें परतण्याची वाट बंद झाली. गणिताचा बराच भार सर्व्हर उचलतो, म्हणून ही जोडणी आवश्यक आहे, असें कंपनीचें म्हणणें होतें. परंतु थोड्याच दिवसांत जाणत्या खेळाडूंनीं जोडणीवांचूनहि खेळ चालवून दाखविला. मार्च २०१४ मध्यें तशी सोय कंपनीनेंच दिली. पण तोंवर विश्वास उडाला होता.

मार्च २०१५ मध्यें मॅक्सिसचें एमरीव्हिल येथील कार्यालय बंद करण्यांत आलें. त्याच महिन्यांत फिनलंडच्या ‘कलोसल ऑर्डर’ या लहानशा कंपनीचा ‘सिटीज् : स्कायलाइन्स’ हा खेळ आला. जागा प्रशस्त, इंटरनेटची सक्ति नाहीं, आणि स्वतः रचलेल्या इमारती घालण्याची मोकळीक. महिन्याभरांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. पुढें २०२३ सालीं याच खेळाची दुसरी आवृत्ति निघाली. ती चांगल्या संगणकांवरहि रखडत चाले, तेव्हां चाहते तिच्यावरहि तितकेच रुष्ट झाले.

यावरून दिसतें कीं, खेळाच्या मालिकेचें नांव म्हणजे खेळणाराला दिलेलें एक वचनच होय. केवळ नवें आलें म्हणून रुसणें हा हट्ट खरा. परंतु ज्या गुणासाठीं पैसे मोजले तोच नाहींसा झाला, तर त्याबद्दल तक्रार करणें हा ग्राहकाचा हक्क आहे. म्हणून घरांतील तरुण पुन्हां असा चिडेल तेव्हां त्याला दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत: खेळांत काय बदललें, आणि त्यांतून काय हिरावलें गेलें? पहिल्याची खंत संवयीनें ओसरते. दुसऱ्याचें उत्तर मात्र खेळ विकणारानेंच दिलें पाहिजे.