एक रुग्ण, दोन वैद्यकं आणि ज्येष्ठमध

चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, डोळा मिटेना, चूळ भरताना पाणी ओघळू लागलं, की दक्षिण कोरियातला रुग्ण बऱ्याचदा दोन डॉक्टरांकडे जातो. एक प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतो. ते पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं बरं. दुसरा चेहऱ्यावर बारीक सुया टोचतो आणि काढा देतो. दोघंही सरकारमान्य! १९५१च्या कायद्याने कोरियन वैद्यकाला तिथे स्वतंत्र परवाना मिळाला आणि १९८७पासून सुयांचा उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यातही आला.

पण या दोन वैद्यकांची खरी गाठ पडते ती रुग्णाच्या मूत्रपिंडात.

कोरियन काढ्यांत ज्येष्ठमध इतका सर्रास असतो, की सगळीकडे हजर असणाऱ्या माणसाला तिथे ‘औषधाच्या दुकानातला ज्येष्ठमध’ म्हणतात. खोकला झाला की आपण चघळतो त्याच कुळातलं हे गोड मूळ.

शरीराला मीठ धरून ठेवायला सांगणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडाच्या पेशींत ते ज्या जागी बसतं, तिथे कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोनही तितकंच चपखल बसतं. शिवाय रक्तात ते कितीतरी पटींनी जास्त असतं! मग अंगात मीठ साठतच का जात नाही? कारण एक एन्झाइम तिथे राखणदारासारखं उभं असतं आणि आत येणारं कॉर्टिसॉल निष्प्रभ करत राहतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिनपासून पोटात जे द्रव्य तयार होतं, ते नेमकं या राखणदारालाच झोपवतं. मग मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.

आणि प्रेडनिसोलोन निष्प्रभ करणारं एन्झाइमही हेच! ज्येष्ठमध भरपूर आणि बरेच दिवस पोटात गेला, तर स्टेरॉइडचा अंमल वाढू शकतो. रुग्ण हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल, तर घटलेल्या पोटॅशियममुळे ठोक्यांची लयही बिघडू शकते.

म्हणून दोन्ही उपचार सोबत चालवायचे, तर नुसतं एका छपराखाली बसून भागत नाही. काढ्यातली मुळं आणि पाकिटातल्या गोळ्या एकाच यादीत लिहाव्या लागतात. आपल्याकडेही डॉक्टर विचारतात, ‘कोणती औषधं चालू आहेत?’ त्या उत्तरात घरचा काढाही सांगायला हवा.