‘ताकदीची गोळी’ डॉक्टरांना सांगायची असते

दवाखान्यात ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारलं की बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी आठवणीने सांगितली जाते. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन सांगायचं राहतं. ती काय, ताकदीची गोळी. तिने कसला अपाय होणार, असा समज.

थायरॉइडचंच पाहा. लेव्होथायरॉक्सिन सकाळी अनशापोटी घ्यायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. पण पेल्यात पाणी घेतलंच आहे, तर कॅल्शियमचीही उरकून टाकू, म्हणून दोन्ही गोळ्या एकदमच गिळल्या जातात. पोटात कॅल्शियम किंवा लोह या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. तपासणीत टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की वाढणारा आकडा) वाढलेला येतो, मग डोस वाढवला जातो. चूक वेळेची, आणि वाढतो डोस! या गोळ्यांमध्ये किमान ४ तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घेतलं तरी काम होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक्सचा असरही लोह, झिंक किंवा कॅल्शियम सोबत घेतल्याने कमी होतो.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी सुरू झाली की घरात मेथी-पालक कायमचे बंद होतात. त्याची गरज नसते. ‘के’ जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं आणि वॉरफेरिन नेमकं त्याच्याच कामात आडवं येतं, हे खरं. पण डोस ठरतो तो रोजच्या आहाराला धरून, म्हणून भाजीचं प्रमाण साधारण सारखं ठेवणं महत्त्वाचं. ‘के’ असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी मनाने सुरू केली किंवा सोडली, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचं माप) हलतो.

‘डी’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली तर जास्तीचं ‘डी’ लघवीवाटे निघून जात नाही. ते साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ठोक्यांची लय बिघडण्याचाही धोका असतो.

म्हणून सगळ्याच पूरक गोळ्या टाळाव्यात, हेही चूकच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येतात आणि दोष फक्त मधुमेहाला दिला जातो. अशा वेळी बी-१२ची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडसोबत तर डॉक्टर स्वतःच बी-६ देतात.

केसांसाठी घेतलेलं बायोटिन रक्ताच्या तपासणीलाही चकवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला: हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारं ट्रोपोनिन त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. थायरॉइडचे आकडेही चुकतात. तेव्हा रक्त देण्याआधी बायोटिनचं नाव सांगा, आणि पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ताकदीच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.