सूत, रंग, परस आणि चूल : नांदेड-लातूरची घरकामे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या घरांत सूतकाम, रंगकाम, परसबाग आणि स्वयंपाक ही कामे फार काळ एकमेकांना धरून चालली. याचे कारण साधे होते. चारही कामांचा माल मोजक्या पिकांतून आणि झाडांतून येई. कापूस, अंबाडी, करडई, हळद आणि चिंच ही नावे घेतली की बराचसा हिशेब पुरा होतो. अंबाडीचा पाला भाजीला, खोडाची साल दोराला. करडईचा कोवळा पाला भाजीला, बी घाण्याला, पाकळ्या रंगाला. चिंचेचा गर आमटीला, चिंचोका घोंगडीच्या खळीला. म्हणूनच एखादे पीक शिवारातून उठले की घरातली दोन-तीन कामे एकदम बंद पडतात. या भागाच्या घरगुती कलांचा गेल्या काही दशकांचा इतिहास हा पुष्कळसा पीकपालटाचाच इतिहास आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. निजामी राजवटीत नांदेडची तलम मलमल नावाजलेली होती आणि तिच्यामागे इथला देशी गावराणी कापूस होता. पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानशाही मिल नांदेडात उभी राहिली आणि शहराची ओळख गिरणगाव अशी झाली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला एनएचएच-44 हा संकरित वाण 1984 मध्ये आला. कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो ‘नांदेड-44’ या नावाने घरचाच मानला. 2002 मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर नांदेड-44 चे राज्य सरले. गिरणीचा भोंगाही बंद झाला. हाताने कातलेल्या सुताची परंपरा मात्र मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने टिकवली. राष्ट्रध्वजाचे खादी कापड विणणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत या समितीची गणना होते. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणतात आणि ध्वज नांदेडला शिवून तयार होतात. मधला रंगाचा टप्पा तेवढा मराठवाड्याबाहेर उरकतो. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापडही चालू लागले, त्यामुळे सूतकताईवर पोट असलेल्या बायांपुढे स्वस्त स्पर्धक उभा राहिला.

घरातला कापूस मात्र बाजारभावाच्या पलीकडचा. परसात देवकापसाचे एखादे झाड असते. ते वर्षानुवर्षे टिकते आणि त्याची बोंडे घरातल्या म्हाताऱ्या बायका वेचून ठेवतात. दुपारच्या वेळी सरकी काढायची, कापूस बोटांनी पिंजायचा आणि वाती वळायच्या, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. फुलवात, समईची लांब वात, वैकुंठ चतुर्दशीला लागणारी त्रिपुरवात असे तिचे प्रकार. याच कापसाची वस्त्रमाळ होते. कापसाची लड ओढून दर बोटभर अंतरावर तिला पीळ द्यायचा आणि पीळ दिलेल्या जागी ओले कुंकू लावायचे. पांढरे फुगीर मणी आणि मधे लाल गाठी अशी माळ तयार होते. कताई आणि रंगाई एकाच बैठकीत आणि तीही हातमाग, चूल किंवा भांडे न लावता होते, असे हे बहुधा एकमेव काम असावे.

भाद्रपदात येणाऱ्या गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. या सणाला परस, रंग, सूत आणि चूल अक्षरशः एका पाटावर येतात. सोळा पदरांचे सूत हळदीत भिजवून पिवळे करतात, त्याला गाठी देतात आणि त्या गाठींत झेंडूची पाने आणि फुले अडकवतात. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्यांची जुळवाजुळव परसातून आणि शेजारच्या परसांतून होते. दोडका, कारले, भोपळा, गवार, घेवडा अशी मोजणी करता करता दहा-बाराच्या पुढे बहुतेक घरांची दमछाक होते. मग सगळ्या पाल्यांची मिळून एक भाजी करून आकडा पुरा केला जातो. देवींनीही याला कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

अंबाडीला एवढा मान नाही, पण उपयोग तिचाच जास्त. खरिपात ज्वारी किंवा कापसाच्या पाट्यात तिची ओळ टाकत. पावसाळाभर आंबट पाला खुडायचा आणि झाड वाळू लागले की कापून पेंढ्या ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवायच्या. खोड कुजले की साल सुटते. ती धुऊन वाळवली की वाख तयार. त्याचे दोर, दावी, चऱ्हाटे वळत. पाल्याची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवतात. तिची खरी चव मात्र ताटात वाढल्यावर वरून ओतलेल्या लसणाच्या चरचरीत फोडणीत असते आणि ती फोडणी करडईच्या तेलाची असावी यावर जुन्या माणसांचे एकमत आहे. नायलॉनचा दोर आला आणि बैल कमी झाले, तशी अंबाडीची ओळ शिवारातून नाहीशी झाली. आता ती बाजारात जुडीने मिळते.

रंगात पहिला मान हळदीचा. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या बागायती पट्ट्यात केळीसोबत हळद मोठ्या प्रमाणावर होते. सुताला ती चटकन चढते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लालसर होते. क्षाराने हळद लाल होते, याच गुणावर हळदीचे कुंकू करण्याची जुनी रीत उभी आहे. किनवट-माहूरच्या जंगलात फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले उकळून काढलेला केशरी रंग धुळवडीला वापरतात. कपड्यावर तोही फार टिकत नाही. पक्क्या रंगांसाठी दख्खनमध्ये आल या झाडाची मुळे आणि नीळ वापरत. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवले, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतींच्या रंगांचा धंदा जगभर बसला. इकडच्या रंगाऱ्यांनाही पुडीचा रंग सोयीचा वाटला. पाणी उकळायचे, पुडी आणि मूठभर मीठ टाकायचे, की जुने लुगडे तासाभरात नवे.

या सगळ्यांत करडईचा रंग सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत चतुर. फूल पिवळे उमलते आणि सुकता सुकता तांबडे होते. तेव्हा त्याच्या पाकळ्या वेचायच्या, त्याही पहाटे, कारण दवाने काटे जरा नरम झालेले असतात. पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा नुसत्या पाण्यात सुटतो आणि लाल सुटत नाही. म्हणून पाकळ्या फडक्यात बांधून, निथळ स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात चेपत राहायचे. पिवळे पाणी टाकून द्यायचे. मग उरलेल्या चोथ्यात पापडखाराचे पाणी घालून मळायचे, की क्षारात लाल रंग उतरतो. त्या गढूळ पाण्यात कापड बुडवून लिंबू किंवा चिंचेचे पाणी घातले की आम्लामुळे रंग पाणी सोडून सुतावर बसतो. फिकट गुलाबीपासून गडद कुसुंबीपर्यंत छटा मिळते, ती किती वेळा बुडवले यावर. तुरटीची गरजच नाही. पापडाचा खार आणि आमटीची चिंच, रंगाचे सगळे सामान स्वयंपाकघरातलेच. हा रंगही ऊन आणि साबण सोसत नाही, म्हणून तो सणाच्या कपड्यांपुरता राहिला.

चिंच लातूर जिल्ह्याची खास. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच सुमारास बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही. म्हणजे चांगल्या वरणाचे जवळपास सगळे साहित्य एकाच जिल्ह्यात मानांकित झाले. उन्हाळ्यात दारोदार चिंच फोडण्याचे काम चालते. टरफल काढायचे, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. गर मिठात कालवून मडक्यात जातो. चिंचोका पूर्वी घोंगडीवाल्याकडे जाई. दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर धनगर कातत आणि सणगर खड्ड्याच्या मागावर तिचे पट्टे विणत. ताण्याचा धागा झिजू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देत. चिंचोके भिजवून, साल काढून, वाटून, शिजवून केलेली ही खळ मोठ्या कुंच्याने ताण्यावर मारत. नव्या घोंगडीचा ताठपणा तिचाच. पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली की पाणी सहज आत शिरत नाही.

दोन सुयांवरचे विणकाम त्या मानाने अलीकडचे आणि शहरी. शाळांतले शिवण-विणकामाचे तास आणि महिला मासिकांत छापून येणारे नमुने यांतून ते तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. उलट टाका, सुलट टाका एवढे आले की मफलर होतो. पुढचे शिक्षण बाळाच्या टोपड्यापासून आणि मोज्यांपासून सुरू होते. इथली थंडी पौष-माघापुरती, त्यामुळे स्वेटरपेक्षा बाळंतविडाच या कलेचा खरा आश्रयदाता ठरला. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बहुतेक धागा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, रंगीत आणि धुवायला सोपा, पण उबेला कमी. क्रोशाचे काम त्याहून जास्त पसरले, कारण त्याला ऋतू लागत नाही. दाराचे तोरण, रुमालाची किनार, टीव्हीवरचे झाकण. लग्नात रुखवताच्या टेबलावर हे क्रोशाचे काम शेवया, कुरडया आणि साखरेच्या रुखवतासोबत मांडले जाते आणि वऱ्हाडी बायका दोन्हींना सारख्याच बारकाईने नावे ठेवतात. वाकळ मात्र रुखवतात क्वचितच दिसते. जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोऱ्याच्या चौकटी असलेली ही घरची गोधडी कौशल्यात कशालाही हार जाणारी नाही, पण ती रोजच्या अंथरुणातली, म्हणून मिरवायची नव्हे.

परसबागेचा प्रश्न या भागात पाण्यापासून सुरू होतो. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा देशाला या शहराची तहान कळली. घरांना ती आधीच माहीत होती. मोरीचे पाणी आळ्याकडे वळवणे, भाज्या धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालणे ही इथली काटकसर नव्हे, रीतच. परसातली झाडेही त्याच हिशेबाने निवडलेली. शेवगा, लिंबू, कढीपत्ता ही एकदा धरली की फारसे मागत नाहीत. दोडका, घोसाळे, वाल पावसावर येतात आणि कुंपणावर चढतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर माळवदाच्या दगडी घरांची दाट गावे नव्या जागी मोकळी वसली आणि अनेक घरांना पूर्वी नसलेले अंगण मिळाले. अलीकडे ‘उमेद’ अभियानातून बचतगटांच्या बायका पोषण परसबागा लावतात. वाफे आखीव असतात, पण त्यांत देवकापूस नसतो.

चुलीची गोष्ट ज्वारीची आहे. भाकरी, कण्या, आंबील, पौषातला हुरडा आणि त्याच्याबरोबर जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी. तिखटासाठी धर्माबादच्या मिरचीचे नाव घेतात. या सगळ्याचा मुख्य सण म्हणजे लातूर भागातली वेळा अमावस्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षाच्या या अमावस्येला गावे आणि लातूर शहरही ओस पडते आणि माणसे शिवारात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी करून आत पांडवांची पूजा मांडतात. जेवणात भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. भज्जी म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे हिरवे असेल ते सगळे. हरभऱ्याचे घाटे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, बोरे, सगळे चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात एकत्र शिजवलेले. ती घराघरांत वेगळी होते, कारण शेताशेतांत पीक वेगळे असते.

किंबहुना असायचे. गेल्या तीन-चार दशकांत लातूरचे खरीप सोयाबीनने व्यापले आणि मिश्र पिकाच्या ओळी संपल्या. सोयाबीन रोख पैसा देते, पण त्याचा पाला कोणी खात नाही, त्याच्या फुलाचा रंग होत नाही आणि खोडाचा दोर होत नाही. रब्बीतली करडई पूर्वी ज्वारीभोवती काटेरी कुंपण म्हणून पेरत, म्हणजे तिला वेगळी जमीनही लागत नसे. काटे टोचतात म्हणून कापणीला मजूर नाखूश, भाव बेभरवशाचा आणि आयात तेल स्वस्त, अशा तिहेरी कात्रीत ती मागे पडली. काट्यांची अडचण सुटण्यासारखी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचा नारी-6 हा वाण काढला असून त्याच्या पाकळ्या हाताला न टोचता वेचता येतात. वाळवलेल्या पाकळ्या आता औषधी चहा म्हणून विकल्या जातात. तेलाचे घाणेही पुन्हा दिसू लागले आहेत आणि लाकडी घाण्याचे करडईचे तेल शहरात चढ्या दराने खपते. कोवळी करडईची भाजी हिवाळ्यात अजूनही जुड्यांनी विकायला येते, तीही आता बहुधा पाल्यासाठीच मुद्दाम पेरलेल्या वाफ्यातली.