म्हातारा कुत्रा लंगडतोय? घरातली दुखण्याची गोळी देऊ नका

हिवाळ्यात परतवाड्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात पहाटे फरशी गारठलेली असते. अशा वेळी दहा-बारा वर्षांचा कुत्रा उठायला वेळ घेतो, चार पावलं लंगडतो आणि मग हळूहळू चालू लागतो. ‘वय झालं त्याचं’ म्हणून आपण सोडून देतो. पण वय हा आजार नाही. बऱ्याचदा हा संधिवात असतो आणि त्याचा त्रास कमी करता येतो.

नेमकं काय होतं?

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की सूज येते, हालचाल दुखते. दुखतं म्हणून कुत्रा कमी चालतो, त्यामुळे स्नायू बारीक होतात आणि सांध्यांना आधार उरत नाही. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, पण हे चक्र थांबवता येतं.

कसं ओळखायचं?

असं जुनं दुखणं असलेला कुत्रा सहसा केकाटत नाही. या खुणा पाहा:

- ओट्यावर किंवा पायऱ्या चढायला कचरणं
- झोपून उठल्यावर आखडणं
- एकच सांधा सारखा चाटणं
- कंबरेला हात लावताच गुरगुरणं

गोचीड तापातही कुत्रा लंगडतो. म्हणून तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नका.

आपली गोळी का चालत नाही?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृतावर बेततं. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत. ती वजन आणि रक्त तपासूनच दिली जातात. आधी स्टेरॉइड दिलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण दोन्ही औषधं एकत्र घातक ठरतात.

सर्वात मोठा उपाय: वजन

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुत्र्यांना २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. ती कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला.

बरगड्यांवरून हात फिरवा. त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर घरातला प्रत्येक जण गुपचूप देतो ती पोळी आणि बिस्किटं आधी बंद करा.

घरात काय बदलाल?

- गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरा.
- झोपायला जाड, कोरडी गादी द्या.
- वाढलेली नखं कापा, म्हणजे पाय घसरणार नाहीत.
- ओट्याला फळीचा उतार करा.
- रोज दोन-तीनदा थोडं थोडं फिरवा. आठवडाभर घरात ठेवून रविवारी एकदम चिखलदऱ्याची चढण नको. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत परत या.

डॉक्टरांकडे जाताना

आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. एक्स-रे किंवा पुढच्या तपासण्या लागल्या तर डॉक्टर अमरावतीला किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत पाठवू शकतात. निघण्याआधी मोबाइलवर त्याच्या सकाळच्या चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा अनेकदा लंगडतच नाही.